अर्ध्या वितीचं अंतर

विलायतेतल्या पिनरच्या हाय स्ट्रीटवर चढ संपता संपता चष्म्याचं एक छोटं दुकान आहे. तिथे गेली बावीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचं काम प्रमोदिनी खांबेटे करते. डोळे तपासणारा वेगळा. तो आतल्या अंधाऱ्या खोलीत बसतो, आणि त्याला मानही जास्त. पण चष्मा कानामागे टोचतोय, एका बाजूला कलतोय, मान खाली घातली की घसरतोय, हे सगळं निस्तरायला बाहेर ही बाई. काडी गरम करायची, अंगठ्यानं जराशी वाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागून बोट फिरवून बघायचं. माणसं तिला नावानं लक्षात राहत नाहीत. ‘डावा कान वर असलेले मायनस चार’ अशी तिच्या डोक्यात नोंद असते, आणि ती कधी चुकत नाही.

माणसाचं नाक आपल्याशी खोटं बोलत नाही, असं ती म्हणते. चष्मा पर्समध्ये लपवून आलेल्या बाईच्या नाकावर दोन्ही बाजूंना दोन लालसर खळगे असतातच. ते पाहिले की प्रमोदिनी आरसा पुढे सरकवते आणि म्हणते, ‘घाला, मला दिसलंय.’

तिचा स्वतःचा नंबर मायनस आठ, तोही कॉलेजपासून. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचा हात उशीजवळ चष्मा शोधतो. चष्मा नाकावर चढल्याशिवाय ती अंथरुणात उठून बसतसुद्धा नाही. मोहन, तिचा नवरा, याची थट्टा करायचा. मग कधीतरी करायचा थांबला.

दुसरा नाद म्हणजे प्रेमकथा. त्याही सगळ्या चालत नाहीत, नायिकेला चष्मा पाहिजे. जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधल्या म्हाताऱ्या बाईला हे माहीत झालंय. ती अशी पुस्तकं काउंटरखाली बाजूला काढून ठेवते. लायब्ररियन नायिका, शास्त्रज्ञ नायिका, जुन्या काळातली घरोघरी शिकवायला जाणारी गरीब नायिका, सगळ्या चष्मेवाल्या. प्रमोदिनीच्या पिनरच्या घरात जिन्याखालचं कपाट त्यांनीच भरलंय. तिचा पहिला राग कव्हरांवर. आत पानोपानी चष्मा, आणि कव्हरवर मात्र बाई उघड्या डोळ्यांनी वाऱ्यावर केस सोडून उभी. काय हा लबाडपणा!

दुसरा राग त्याहून मोठा. शंभरेक पानं झाली की एक प्रसंग ठरलेला असतो. नायक पुढे होतो, दोन बोटांनी अलगद तिचा चष्मा काढतो आणि म्हणतो, किती सुंदर आहेस तू. इथे बाकीच्या बायकांना गुदगुल्या होतात. प्रमोदिनी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसते. ‘अरे मेल्या,’ एकदा ती मोठ्यानं म्हणाली होती, ‘तिला आता तू दिसत नाहीयेस. समोर कोण आहे, हे तिला कसं कळणार?’

तिचं हे म्हणणं पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते आलं होतं साताऱ्याच्या एका दुपारमधून, एकोणीसशे शहाऐंशी सालातल्या.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि तिला बघायला मोहनकडचे लोक आले होते. चष्म्यामुळे आधीची दोन स्थळं गेली होती. म्हणून मावशीनं तिचा चष्मा काढून घेतला आणि डब्यात घालून फडताळात ठेवला. ‘सात पावलं चाल, डावीकडे वळ, समोर स्टूल आहे, त्यावर पोहे ठेव,’ असं घरात चार वेळा घोटून घेतलं. आपल्या लोकांची ही एक खास अक्कल. मुलीला दाखवायला बसवायचं, आणि तिला काही दिसणार नाही अशी व्यवस्था आधी करायची. त्या वेळी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही, प्रमोदिनीलासुद्धा नाही.

ती चालली, वळली, पोहे ठेवले. समोर रंगांचे डाग होते. एक जांभळा, म्हणजे सासूबाई. दोन पांढुरके. आणि खिडकीजवळ, उजेडात, एक फिकट निळा. त्या निळ्याकडून आवाज आला, हळू आणि जरासा हसरा.

‘वाचता काय तुम्ही?’

बघायला आलेल्या कुणीही तिला तोवर असं विचारलं नव्हतं. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, गाणं येतं का, सगळं विचारून झालं होतं. तिनं निळ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, ‘कादंबऱ्या.’ सगळे हसले. आत आल्यावर मावशीनं विचारलं, काय गं, आवडला का? तिनं हो म्हणून मान हलवली. लग्नातही चष्मा नव्हता. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर फेट्याचा केशरी डाग होता. तिनं त्या डागाला हार घातला.

चष्मा हातात आला तो लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, सासरी, पूजा उरकल्यावर. तिनं तो घातला आणि मोहनचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. चांगला होता की. लांब नाक, मऊ डोळे, डाव्या कानाच्या पाळीवर तीळ. फक्त आवाज तो नव्हता. मोहनचा आवाज जाडसर, शब्द तोलून बोलणारा.

‘त्या दिवशी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत कोण होतं रे? निळा शर्ट घातलेले?’ तिनं विचारलं.

‘तिथे कुणीच नव्हतं,’ मोहन म्हणाला. ‘त्या खुर्चीचा वेत फाटला होता. तुझ्या मामांनीच सांगितलं, तिथे बसू नका म्हणून.’

‘मग वाचता काय, असं मला कुणी विचारलं?’

‘कुणीच नाही विचारलं. आई विचारत होती, भाकरी येते का. आणि तू एकदम खिडकीकडे बघून म्हणालीस, कादंबऱ्या. सगळ्यांना हसू आलं. मला तर तेच आवडलं.’

यावर दोघंही पुन्हा कधी बोलली नाहीत. पण मोहनला ती पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायची. सासूबाईंना ते खटकायचं, मैत्रिणींना फॉरवर्ड वाटायचं. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्याजवळचं ‘अहो’ त्या दुपारीच देऊन झालं होतं.

आणि ते ज्याला दिलं होतं, तो गेला नाही. आंघोळीआधी चष्मा काढला की खोलीच्या खिडकीशी तो फिकट निळा डाग बसलेला असायचा. चष्मा घातला की खिडकी, पडदा, भिंत, बस्स. पुण्याच्या घरात होता. मोहनला इकडे नोकरी लागली आणि दोघं पिनरला आली, तर चौथ्या दिवशी, सामानाची खोकीसुद्धा फोडली नव्हती, तेव्हा रस्त्याकडे पुढे आलेल्या मोठ्या खिडकीत, बे-विंडोत होता. तिथे पुढे मोहननं एक जुनी आरामखुर्ची आणून ठेवली. स्वतः मात्र त्या खुर्चीत कधी बसला नाही. पाठ दुखते, म्हणायचा.

भीती वाटत नव्हती असं नाही. पण माणसाला कशाचीही सवय होते. तनू झाली, मोठी झाली, फार्मसिस्ट होऊन ग्लासगोला गेली. प्रमोदिनी दुकानात जाऊ लागली. मोहन चांगलाच होता. आजारपणात उशाशी बसायचा, भांडण झालं तर आधी बोलायचा. तिनं त्याला कशालाही नाही म्हटलं नाही. तरी कादंबरीतला नायक ओठांवर हसू आणून नायिकेला काहीतरी विचारायचा, तेव्हा तिला निळा शर्ट दिसायचा. त्या शर्टावर ती त्या त्या नायकाचा चेहरा बसवायची. एकोणचाळीस वर्षांत किती चेहरे बसवले असतील, कोण जाणे.

मग दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू आला. चष्म्यातूनही धुकट दिसायला लागलं, आणि निळा डाग चष्म्यातूनही दिसायला लागला.

पहिल्यांदा दिसला तो दुकानात. एक गृहस्थ आरशासमोर फ्रेम लावून बघत होते आणि आरशात त्यांच्या खांद्यामागे तो होता. उभा. प्रमोदिनीनं त्याला कधी उभा पाहिलं नव्हतं. ‘वन मिनिट, सर,’ ती मागे वळून म्हणाली, आणि मागे फक्त लहान मुलांच्या फ्रेमचा स्टँड होता. गृहस्थांनी विचारलं, ‘आर यू ऑल राइट, लव्ह?’ तिनं हो म्हटलं. काडी जास्त तापवली गेली आणि वितळली. असं तिच्या हातून बावीस वर्षांत झालं नव्हतं.

त्यानंतर तो आठवड्यातून दोन-तीनदा आरशात असायचा, दर वेळी गिऱ्हाइकाच्या थोडा जास्त जवळ.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, आत लांबचं दिसणारी लेन्स बसली. पट्टी काढली आणि पलीकडच्या घराच्या कौलांवरचं शेवाळसुद्धा दिसलं, तेही बिनचष्म्याचं. खुर्ची रिकामी होती. तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याला तो दिसला, खुर्चीत, थोडा पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. उजवा उघडला, नाही. झाकला, आहे. ती तशीच उभी राहून उघडझाप करत होती. स्वयंपाकघराच्या दारातून मोहन हातात चहाचे दोन कप घेऊन बघत होता, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

डाव्या डोळ्याची तारीख पंधरा दिवसांनी होती. तिनं फोन करून सर्दीचं कारण सांगितलं. पुढच्या तारखेला पाहुण्यांचं सांगितलं. आता हॉस्पिटलचं पत्र आलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवलं नाही तर नाव यादीतून काढतील, पुन्हा पहिल्यापासून सगळं. एक डोळा बिननंबरचा आणि एक मायनस आठ, अशा अवस्थेत माणसाला जिना धड उतरता येत नाही. चष्म्याची उजवी काच तिनं बदलून साधी बसवली होती. दुकानात असा चष्मा घालून कुणी आलं असतं तर तिनं झापलं असतं. तिचं डोकं दुखायचं, चहा कपाबाहेर सांडायचा. मोहन पायरीवर तिचं कोपर धरायचा आणि खाली उतरल्यावर सोडून द्यायचा.

‘आई, तू माझा ऐकतच नाही,’ तनू फोनवर तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. ‘दुसरी डोळा का करत नाहीस? इट्स ट्वेंटी मिनिट्स! बाबा सांगत होता, तू परवा स्टेशनवर पडता पडता वाचली.’

‘करते गं. बघते.’

‘बघते काय? दॅट्स द होल पॉइंट, तुला बघता येत नाही!’

तनूला काय सांगणार? डोळा केला की तो निळा डाग कायमचा जाणार होता. आणि गेला तर एकोणचाळीस वर्षांपूर्वी आपण नक्की कुणाला हो म्हटलं, हे विचारायलाही कुणी उरणार नव्हतं.

त्या बुधवारी लायब्ररीत वाचनगट होता. दर महिन्याला एक विषय असतो. या महिन्यात नीनानं विषय काढला, चष्मेवाल्या नायिका. नीना म्हणजे महाराष्ट्र मंडळातली मैत्रीण, मोठ्यानं हसणारी, राहते ईलिंगला पण वाचनाला मुद्दाम इकडे येते. त्या दिवशी आलेल्या सहाही जणी मराठी बोलणाऱ्या होत्या, म्हणून सगळं मराठीतच चाललं.

‘मला वाटतं, तिच्याकडे आधी कुणाचं लक्षच नसतं ना, म्हणून आपल्याला ती आवडते,’ नीना म्हणाली. ‘आपण सगळ्या तशाच होतो. मग एक जण येतो आणि त्यालाच कळतं, काचेमागे काय आहे. सो रोमँटिक!’

‘उलट आहे,’ प्रमोदिनी म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली, तशी ती अशा वेळी येतेच. ‘बाकीच्या नायिकांना सगळे बघतात. चष्मेवाली स्वतः बघते. ती नायकाला निरखते, पारखते, मग हो म्हणते. म्हणून ती आवडते. आणि तो गाढव काय करतो? पहिल्याच संधीला तिचा चष्मा काढतो.’

‘अगं, पण किस करायला काढावाच लागतो की! आणि मग तिला तो दिसतच नसणार, पुअर थिंग.’

सगळ्या हसल्या. प्रमोदिनीनं धंद्याच्या सवयीनं लगेच उत्तर दिलं. ‘दिसतो. मायनस आठवालीला बिनचष्म्याचंही अर्ध्या वितीवरचं अगदी लख्ख दिसतं. शंभराला आठनं भाग, साडेबारा सेंटिमीटर. जो तेवढा जवळ आला, त्याचा चेहरा तिला दिसतोच.’

‘म्हणजे फक्त त्यालाच बघता येईल असं अंतर!’ नीना टाळी वाजवून म्हणाली. ‘प्रमोदिनी, हे तर पुस्तकातल्यापेक्षा भारी आहे.’

प्रमोदिनी हसली नाही. रोज दहा जणांना ती हा हिशोब सांगत होती, आणि स्वतःच्या घरात एकदाही वापरला नव्हता. अर्धी वीत. एवढं जवळ गेलं की तो दिसणार होता. एकोणचाळीस वर्षांत कधीही दिसला असता.

घरी आली तेव्हा अडीच वाजले होते. मोहन वेळूच्या काठ्या आणायला गार्डन सेंटरला गेला होता. बाहेर ढगाळ, घरात सपाट पांढरा उजेड, फ्रिजची घरघर. तिनं कोट काढला, चष्मा काढला, टेबलावर ठेवला. उजवा डोळा तळहातानं गच्च झाकला.

तो होता. ती त्याच्याकडे निघाली तसा त्यानं डोकं जरासं वर केलं.

खोली तिच्या पायाखालची होती, तरी पावलं मोजली गेली. सातव्या पावलाला खुर्चीच्या हाताला तिची मांडी लागली. ती वाकली. आधी शर्ट आला, धाग्यासकट. पॉपलिन, फिकट निळं, त्यात त्याहून फिकट बारीक चौकडी. वरून दुसऱ्या बटणाला कडेनं चीर होती. कॉलरची शिवण एका जागी उसवली होती. मोतीबिंदूचं धुकं होतं, पण शिवणीचे टाके मोजता आले असते इतकं स्पष्ट. शर्टाला कपाटात घडी करून ठेवलेल्या कपड्यांचा वास येत होता. खुर्चीच्या पाठीवरचा पिवळा धागा दिसत होता. कॉलरच्या वर गळा होता.

तिनं मान वर केली.

वर काही लागेना. ती आणखी वाकली, इतकी की तिचा श्वास त्याच्यावर आपटून तिच्याच ओठांवर परत आला. अर्धी वीत, मग त्याहून कमी. खाली कॉलर लख्ख होती, शेजारी पिवळा धागा लख्ख होता. मध्ये चेहऱ्याच्या जागी तोच डाग होता, साताऱ्याहून आलेला. दोष डोळ्याचा नव्हता. तो लांबून धूसर दिसत होता असं तिला वाटत आलं होतं, आणि तो धूसरच होता. त्याला नाक नव्हतं. खळगे पडायलाही जागा नव्हती.

‘वाचता काय तुम्ही?’ तो डाग म्हणाला. हळू, जरासं हसत, अगदी तसंच.

घाबरण्याच्या आत तिला संताप आला, आणि तो संताप खरा होता. एकोणचाळीस वर्षांत याला दुसरा प्रश्न सुचला नव्हता. हिनं किती चेहरे दिले त्याला, किती रात्री, किती पुस्तकं! त्यातला एकही त्यानं ठेवून घेतला नव्हता. आणि ज्याला चेहरा होता, तो पायरीवर कोपर धरत होता आणि खाली उतरल्यावर सोडून देत होता, आपल्याला तेवढंच धरायची परवानगी आहे असं समजून.

ती मागे सरली, टेबलाला अडखळली, चष्मा घातला. मग फोन उचलला आणि हॉस्पिटलला सांगितलं, पुढच्या मंगळवारी येते. हो, लेन्स लांबचीच बसवा. दोन्ही डोळ्यांना लांबचं दिसू दे. तिकडची मुलगी म्हणाली, ‘लव्हली.’

मंगळवारी डाव्या डोळ्यावर दिवा आला, पाणी आलं, कुणीतरी खाली बघा, वर बघा म्हणालं. दिव्याच्या आत काही क्षण निळं दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असे रंग दिसतात. तिनं डोळा हलवला नाही.

बुधवारी दुपारी पट्टी निघाली. प्रमोदिनी बैठकीच्या खोलीत उभी राहिली. दोन्ही डोळे उघडे, नाकावर काही नाही. पडद्याची वीण दिसली, शेल्फवरची धूळ दिसली, खुर्ची दिसली. खुर्ची रिकामी होती. तिनं उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. रिकामीच. तिला वाटलं होतं हायसं वाटेल. वाटलं ते फक्त थकल्यासारखं.

मोहन दारात उभा होता. ती त्याच्याकडे वळली. बिनचष्म्याचा, दोन्ही डोळ्यांनी, तिला तो असा कधी दिसलाच नव्हता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. लांब नाक जरा खाली आलं होतं. पाळीवरचा तीळ तिथेच होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तो कपाळ खाजवत होता. याला आपण बघितलंच नाही, हे तिला लागलं.

‘ये,’ ती म्हणाली. ‘खिडकीत बस. उजेडात. मला बघू दे तुला.’

मोहन दोन पावलं पुढे आला आणि खुर्चीपाशी थांबला. बसला नाही.

‘आधी त्याला उठायला सांग,’ तो म्हणाला.

प्रमोदिनीनं खुर्चीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

‘तुला दिसतो?’

‘नाही. कधीच नाही.’ मोहन खुर्चीकडे बघत होता. ‘पण तू बघायचीस ना तिकडे. साताऱ्याला बघितलंस, तेव्हापासून. तू जिथे बघतेस तिथे बघायची मलाही सवय लागली. प्रमू, तुला चष्मा आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. नाकावर खड्डे होते तुझ्या. तुला मी दिसत नाहीये, हे मला माहीत होतं. मी सांगायला हवं होतं. पण तू हसलीस. मला वाटलं, कुणाकडे का बघून हसेना, घरी तर माझ्या येईल.’

त्याचा आवाज जाडसर, शब्द तोलून. तिनं हा आवाज आयुष्यभर ऐकला होता, आणि त्यानं असं काही बोलल्याचं तिला आठवेना.

ती खुर्चीकडे वळली. तिथे तिला काहीही दिसत नव्हतं. ‘उठा,’ ती म्हणाली. ‘पुष्कळ झालं. उठा आता.’

काही झालं नाही. मग खुर्चीच्या गादीची दबलेली बाजू हळूहळू, एका दमात, वर आली. दोघांनी ती पाहिली. जिन्याखालच्या कपाटाचं दार कुरकुरलं, किंवा घर जुनं असल्यामुळे दुसरं काहीतरी कुरकुरलं.

मोहननं गादीवर हात फिरवला आणि मग बसला, अगदी कडेवर. उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. प्रमोदिनी पुढे झाली. तिला आता लांबून बघायचं नव्हतं. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि वाकली, अर्ध्या वितीपर्यंत.

चेहरा जवळ येता येता विरघळला. आधी तीळ गेला, मग भुवया, मग डोळे. हातांत ऊब होती, दाढीचे खुंट तळव्यांना टोचत होते, आणि समोर एक डाग होता.

लांबची लेन्स बसवली की जवळचं दिसत नाही. रोज चार जणांना तिनं हे समजावून सांगितलं होतं, वाचायला वेगळा चष्मा लागेल हं, विसरू नका. इतके दिवस जवळचं सगळं ऑपरेशन न झालेला डावा डोळा निभावून नेत होता, म्हणून स्वतःच्या बाबतीत तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. बावीस वर्षं ह्याच कामात, आणि ही चूक. ती हातभर मागे झाली, मोहन होता. पुढे झाली, कुणीही असू शकत होता.

‘काय झालं?’ डाग म्हणाला.

‘काही नाही.’ तिनं हात काढले नाहीत, ती मागेही सरली नाही. ‘तू बोल. बोलत राहा.’

‘काय बोलू?’

‘काहीही. पण थांबू नकोस.’

मोहननं घसा खाकरला. उद्या गुरुवार, म्हणाला, रिसायकलिंगचा बिन बाहेर काढायचाय. काठ्या आणल्यात, वाटाण्याच्या वेलाला लावू. तनूला फोन करून सांग, डोळा छान झाला म्हणून. दूध संपलंय. तो सांगत राहिला, आणि अर्ध्या वितीवर डोळे टक्क उघडे ठेवून ती तो आवाज एकेक शब्द पारखत ऐकत राहिली.